सरांच्या गळ्यातला माइक

"सरांचं मशीन बंद आहे," प्रणाली म्हणाली. मी अजून काही विचारलंही नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यात बसून माझी पेटी उघडत होते, तेवढ्यात ती समोर येऊन उभी राहिली आणि एवढं बोलून माझ्या चपलांकडे बघत राहिली.

या एकाच तक्रारीसाठी त्या शाळेत येण्याची माझी ही तिसरी वेळ होती. पहिल्यांदा चार्जिंगची वायर बदलली. दुसऱ्यांदा अख्खा सेट वाशिमला नेऊन तपासला, टेबलावर उत्तम चालला, म्हणून परत आणून दिला. आठवडा गेला नाही तोच शाळेतून फोन आला, बंद आहे म्हणून.

त्या सकाळी निघताना आमच्या समन्वयक साहेबांचाही फोन आला होता.

"मॅडम, तो सेट वापरात नाही म्हणे."

"तक्रार आहे सर. बघायलाच चालले."

"किती वेळा बघणार? चालत नसेल तर जमा करा. चालत असेल आणि पोरगी घालत नसेल तरी जमा करा. मानोऱ्याच्या एका मुलासाठी मागणी येऊन राहिली."

"आज काय ते ठरवते सर."

मी विशेष शिक्षिका आहे. माझी स्वतःची शाळा नाही, स्वतःचा वर्गही नाही. तालुक्यातल्या साध्या शाळांमध्ये जी दिव्यांग मुलं शिकतात, त्यांच्याकडे मी फिरत असते. कोणाला काठी, कोणाला खुर्ची, कोणाला मोठ्या अक्षरांची पुस्तकं, कोणाला कानाचं मशीन. वस्तू आणून देणं हे काम सोपं. ती वापरात राहणं हे खरं काम. गावोगावी मला 'मशीनवाली मॅडम' म्हणतात.

प्रणाली आठवीत होती. केनवडच्या रस्त्याने जाताना आत वळलं की लागणाऱ्या एका गावातली. लहानपणापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत आणि ती ती रोज घालते. बोलते चांगलं, फक्त 'श' आणि 'स' तोंडातल्या तोंडात राहतात. समोरच्याच्या ओठांवरून अर्धं वाचते, अर्धं ऐकते.

आता 'सरांचं मशीन' म्हणजे काय ते सांगते. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण निवडत नाही. सरांचा आवाज मोठा, पंख्याची घरघर मोठी, मागच्या बाकावरची कुजबुज मोठी, पत्र्यावर वानर नाचलं तर तेही मोठं. फळ्याजवळून येणारा आवाज या सगळ्या कालव्यात बुडून जातो. म्हणून एक वेगळा सेट येतो. शिक्षकाने गळ्यात छोटा माइक घालायचा. मुलाच्या श्रवणयंत्राच्या खाली करंगळीच्या नखाएवढा रिसीव्हर बसवायचा. मग शिक्षक वर्गात कुठेही असो, त्याचा आवाज थेट मुलाच्या कानात. जणू सर शेजारी बसून बोलत आहेत.

हा सेट पोळ्यानंतर त्या शाळेत आला आणि पहिले काही दिवस प्रणालीला नुसतं उधाण आलं होतं. गणिताला पहिला हात तिचा. आणि दसऱ्याच्या आसपास अचानक बंद.

तिच्या आईलाही मी बोलावून घेतलं होतं. सोयाबीनची सोंगणी चालू होती. ती वावरातूनच आली, डोक्याला रुमाल, हाताला चिकटलेला भुसा.

"मॅडम, घरी तर कानातलं रोज घालते. टीव्ही ऐकते, मावशीसंग फोनवर बोलते. सरांच्याच मशीनचं काय झालं ते मले सांगत नाही. काहून बंद पडलं म्हटलं तर तोंड फिरोते."

"वापरत नसल तर न्या लागन मले ते," मी तिच्याच बोलीत म्हटलं.

"नका नेऊ." ती पटकन म्हणाली. मग हाताचा भुसा झटकत, "मशीन आलं तवा घरी येऊन मले गणित सांगे. मले का समजते त्यातलं? पन मी ऐको. आता येते आन् गप बसते."

मी म्हटलं, "बघू."

प्रणालीला रिकाम्या वर्गात बसवलं. दोन्ही रिसीव्हर स्वतः बसवले. माइकचा दिवा हिरवा होता. तिला फळ्याकडे तोंड करून बसवलं, म्हणजे माझे ओठ दिसायला नकोत. आणि मी मागे दाराशी गेले.

आमची एक साधी टेस्ट असते. आ, ऊ, ई, म, स, श, एवढे सहा आवाज काढायचे. बोलण्यातले जाड-बारीक सगळे आवाज यांच्यात येतात. ऐकू आलं की मुलाने हात वर करायचा.

"आ," मी माइकमध्ये म्हटलं.

हात वर नाही.

"ऊ. ई."

काही नाही. पाठ ताठ.

इथेच मला शंका आली. 'स' आणि 'श' तिला अवघड जातात हे मला माहीत होतं. पण 'आ' तर ती नुसत्या श्रवणयंत्रावर, माइकशिवाय, याच अंतरावरून सहज ऐकते. समजा माइक खरंच बंद असता, तरी 'आ'ला हात वर जायला हवा होता. ज्याला ऐकू येत नाही त्याचीही एक पद्धत असते. तो अंदाज बांधतो, चुकतो, मध्येच हात वर करतो. ही पोरगी चुकतही नव्हती.

मी दाराबाहेर व्हरांड्यात गेले आणि अगदी हळू, स्वतःशी बोलावं तसं म्हटलं, "प्रणाली, तुह्या वेणीवर अळी आहे."

तिचा हात झटक्यात वेणीवर गेला.

मग तो तिथेच थांबला. ती सावकाश वळली. हसली नाही. मीही हसले नाही. आत येऊन तिच्या समोरच्या बाकावर बसले.

"मशीन चालू आहे," मी म्हटलं.

तिने वेणीवरचा हात खाली घेतला.

"कानात दुखते का?"

मान हलली. नाही.

"पोट्टे चिडोतात? सर रागावले काही?"

"नाही." मग ती म्हणाली, "मॅडम, तुमी घेऊन जा ते. बंदच म्हना."

आठवीतली पोरगी. पहाटे उठून टिफिन करते, दोन वेण्या घालून वेळेवर शाळेत येते, आणि जी गोष्ट तिला वर्गातला एकेक शब्द ऐकवते ती परत न्या म्हणते. मला कारण कळल्याशिवाय तिथून निघणं शक्य नव्हतं. पण दरडावून कारण निघत नाही, हे या नोकरीत फार लवकर कळतं.

पुढचा तास गणिताचा होता. गावंडे सरांचा. हे सर म्हणजे शाळेचा धाक. उंच, आवाज खणखणीत, वर्गात आले की टाचणी पडली तर ऐकू यावी. पावसाळ्यात त्यांची आई गेली. त्यामुळे माइक कसा वापरायचा याचं शाळेतलं ट्रेनिंग मला पुढे ढकलावं लागलं होतं. नंतर घेतलं तेव्हा सरांच्या डोक्यावर केस नुकते उगवत होते. चालू-बंद, चार्जिंग, म्यूटचं बटण, सगळं मी दाखवलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. ट्रेनिंगमध्ये सगळेच डोलावतात.

"सर, आजचा तास माइक घालून घ्या," मी म्हटलं. "मी मागे बसते. मशीनमध्ये काय येतं ते मला ऐकायचं आहे."

"घाला ना. मी कदी नाही म्हटलं? पोरगीच म्हनते बंद आहे."

मी एक रिसीव्हर माझ्या पेटीतल्या तपासणीच्या श्रवणयंत्राला लावला. त्याला जोडायची एक नळी असते, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी. ती कानात घातली की मुलाला जे ऐकू येतं ते आपल्याला ऐकू येतं. शेवटच्या बाकावर बसले. प्रणाली दुसऱ्या रांगेत, नुसतं स्वतःचं श्रवणयंत्र घालून.

आवाज सुरेख येत होता. खडू फळ्यावर घासल्याचासुद्धा. सरांनी एक उदाहरण सोडवलं, दुसरं मुलांना दिलं. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी बघितलं, "करा रे," म्हणाले आणि बाहेर गेले.

माइक गळ्यात. दिवा हिरवा.

ते व्हरांडा ओलांडून पार शाळेच्या मागच्या लिंबापर्यंत गेले असतील. माझ्या कानात मात्र ते माझ्या शेजारीच होते.

"हाव बाबा. बोला." आवाज सरांचाच, पण मी तो ओळखलाच नसता. इतका मऊ. "माय? माय वावरात गेली ना बाबा. बाया लावल्या सोंगणीले... येईन. संध्याकाळी येईन... नाही, रुसली नाही तुमच्यावर. कायले रुसन? तुमी भाकर खाल्ली का?... खाऊन घ्या. तुमी जेवले नाही तर माय मलेच बोलन..."

मी नळी कानातून काढली.

सरांचे वडील धनजला धाकट्या भावाकडे असतात आणि त्यांना आता गोष्टी आठवत नाहीत, एवढं मी शाळेत उडत उडत ऐकलं होतं. पण सरांची आई गेली हेही त्यांच्या लक्षात राहत नाही, आणि मुलगा रोज दुपारी फोनवर तिला वावरात पाठवतो, हे कोणालाच माहीत नव्हतं.

वर बघितलं तर प्रणाली माझ्याकडे बघत होती. माझ्या हातातल्या नळीकडे, मग माझ्या तोंडाकडे. आणि तिला कळलं की मला कळलं.

मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या नळाशी माझी वाट बघत उभी होती. मी तिच्यासमोर उजेडात उभी राहिले, म्हणजे तिला माझे ओठ दिसतील.

"रोज येते फोन?" मी विचारलं.

"रोज." मग तिने एकेक शब्द नीट लावून सांगितलं. आधी खूप मजा आली. सर बाहेर गेले की कोणाशी काय बोलतात ते तिलाच ऐकू येई. सर परत यायला निघाले की ती बोट वर करे आणि अख्खा वर्ग वहीत डोकं घाले. पेपर कधी आहे, हेडसर कोणावर चिडले, सगळी बातमी तिच्याकडे. शाळेत आल्यापासून पहिल्यांदा पोरी तिला डब्यासाठी जागा धरायला लागल्या होत्या. आजवर ती सगळ्यांना 'काय म्हटलं, काय म्हटलं' विचारत फिरायची. आता सगळे तिला विचारत होते.

"मंग एक दिवस हा फोन आला," ती म्हणाली. "फोन झाल्यावर सर तिथंच उभे राह्यले. रडून राह्यले होते. पोट्टे विचारे, सर काय म्हनते, सांग ना, सर काय म्हनते. मी काय सांगू?"

"काय सांगतलं?"

"मशीन बंद पडलं."

मी नळ बंद केला. तो उगाच वाहत होता.

"दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं," ती म्हणाली. "मशीन घातलं असतं तर ते चालू आहे हे समजलं असतं त्याइले. म्हून घातलंच नाही." मग एकदम, "सरांले सांगसान का तुमी?"

"तू ऐकलं हे नाही सांगनार."

"पक्कं?"

"पक्कं."

बोलून बसले खरी, पण अडचण तशीच होती. माइक चालू राहतो हे सरांना सांगणं माझं कामच आहे. न सांगता मशीन पुन्हा सुरू केलं तर उद्या दुपारी पुन्हा तेच. आणि सांगितलं तर पोरीचं नाव आपोआप निघतं, कारण त्या रिसीव्हरचे कान दुसऱ्या कोणाचे नाहीत.

शाळा सुटल्यावर सरांनीच मला मोटरसायकलवर फाट्यापर्यंत सोडलं. रिसोडची गाडी यायची होती. तिथल्या टपरीवर चहा घेतला. मी सरळ विषयाला हात घातला.

"सर, आज तासाला तुम्ही फोनवर बाहेर गेलात तेव्हा माइक चालूच होता. मी मागे बसले होते. सुरुवातीचं थोडं मला ऐकू आलं. मग मी काढून ठेवलं."

सरांच्या हातातला कप तसाच राहिला.

"तेवढ्या दूर?"

"मशीन चांगलं आहे, सर."

सोयाबीनची पोती भरलेला एक ट्रॅक्टर गेला. मग ते म्हणाले, "आधी एक-दोनदा खरं सांगतलं होतं मी बाबाले. दर टायमाले त्याइच्यासाठी ते नवीनच राहे. तसेच रडत, पहिल्या दिवसासारखे. म्हून आता वावरात धाडतो तिले."

"बरोबर करता तुम्ही."

"बरोबर का चूक माहीत नाही. जेवतात तरी." चहाचा घोट घेतला. मग माझ्याकडे वळले. "तुमीच ऐकलं? अजून कोणी?"

"मी ऐकलं, एवढंच मी सांगू शकते."

"मॅडम," सर म्हणाले, "मी गणित शिकवतो."

मी चहात बघत राहिले.

"मशीन बंद पडलं असं पोरगीनं सांगतलं तो दिवस मले याद आहे. त्या दिवशी बाबा फोनवर लय वेळ होते. मी वर्गात परत आलो तर सगळे पोट्टे तिच्याकडं पाहून राह्यले होते आन् ती खाली मान घालून." त्यांनी कप खाली ठेवला. "मी समजो, तिले उदाहरण येत नाही म्हून. बोललो बी तिले त्या दिवशी."

गाडीचा हॉर्न लांबून ऐकू आला.

"आता काय करू? काय बोलू मी तिले?"

"तिला काही बोलू नका सर. तिने नाव काढलेलं नाही, तुम्हीही काढू नका. बाहेर जाताना माइक तेवढा गळ्यातून काढत जा. म्यूटचं बटण विसरतं माणूस. फोन आला की घाई असते."

"काढून ठेवू कुठं?"

"दाराशी एक खिळा ठोका."

त्यांनी मान डोलावली. या वेळची मान ट्रेनिंगमधली नव्हती.

गाडीत बसल्यावर साहेबांना फोन केला. सेट जमा करत नाही, चालू होईल, म्हटलं. "लिहून देता का?" ते म्हणाले. देते म्हटलं. देताना मनातून धाकधूक होती. पोरीने पुन्हा नाहीच घातलं तर मी खोटी पडणार होते आणि मानोऱ्याच्या त्या मुलाचंही नुकसान.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी पुन्हा त्या शाळेत गेले. मुद्दाम कळवलं नाही. वर्गाच्या खिडकीतून आधी आत बघितलं. गावंडे सर फळ्याशी, पाठ वर्गाकडे, बोलत बोलत लिहीत होते. त्यांचे ओठ कोणालाच दिसत नव्हते. आणि प्रणालीचा हात वर होता.

दाराच्या चौकटीला खिळा होता. चांगला लांब, पत्र्याला लावतात तसला.

नंतर सरांनी सांगितलं की सुट्टीच्या आधीच त्यांनी वर्गाला स्वतःहून सांगून टाकलं. "म्हटलं, माझे बाबा म्हातारे झाले, त्याइले याद राहत नाही. दुपारी त्याइचा फोन येते. मी बाहेर जाईन, तुमी उदाहरण करान. गडबड नाही पाहिजे. झालं. कोणी हू का चू केलं नाही. आता फोन करून आलो का पोट्टेच विचारते, सर, आजोबा जेवले का? मी हाव म्हनतो आन् पुढचं उदाहरण घेतो."

आईबद्दल ते वर्गाला काही बोलले नव्हते. त्याची गरजही नव्हती. विचारण्यासारखं काही उरलं नाही म्हणून विचारणारेही उरले नाहीत.

एक भानगड मात्र नवीन झाली होती. सर माइक खिळ्याला टांगून जातात. माइक चालूच असतो. म्हणजे सर बाहेर असताना वर्गातली सगळी कुजबुज थेट प्रणालीच्या कानात. कोण कोणाची वही मागतं, कोण कोणाला काय नावाने चिडवतं. पोरांनी सरांकडे तक्रार केली की हे बरोबर नाही. सर म्हणाले, मग बोलू नका.

प्रणालीला बाहेर बोलावलं. मशीन दोन्ही कानांना, वेणीत नवीन रिबीन.

"चालू झालं?" मी विचारलं.

"हाव."

"काय बिघडलं होतं?"

तिने क्षणभर विचार केला. "वायर ढिली होती," ती म्हणाली आणि हसली.

तिची आई त्या दिवशी भेटली नाही. तुरीच्या वावरात होती. पण संध्याकाळी तिचा फोन आला. पोरगी पुन्हा गणित सांगून राहिली, मॅडम, आता तर भूमितीबी सांगते, माह्या स्वैपाकाचा खोळंबा होते. तक्रार म्हणूनच सांगत होती, पण फोन ठेवायची तिला घाई नव्हती.

साहेबांना कळवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "फॉल्ट काय निघाला शेवटी?"

"लूज कनेक्शन, सर."

"रिपेअर कुठं केलं?"

"शाळेतच."

"खर्च?"

"एक खिळा." ते हसले. मी विनोद करते आहे असं त्यांना वाटलं. मानोऱ्याच्या मुलासाठी नवीन सेट मागवला, तोही उशिरा का होईना आला.

त्यानंतर मी माझं ट्रेनिंग बदललं. आता म्यूटचं बटण मी आधी दाखवतच नाही. सगळ्या शिक्षकांना एका खोलीत बसवते, रिसीव्हर छोट्या स्पीकरला जोडून मध्ये ठेवते, माइक माझ्या गळ्यात घालते आणि जरा चहाचं बघून येते म्हणून बाहेर जाते. बाहेर चहावाल्याला सांगते की आज आलेल्यांपैकी कोण झोपा काढत होतं, कोण मोबाईल बघत होतं आणि कोणी सकाळपासून तीनदा घड्याळ बघितलं. नावानिशी सांगते. मग परत आत येते. बटण कुठे आहे हे त्यानंतर तेच विचारतात, आणि एकदा विचारलं की विसरत नाहीत.